रान माजलेले परडे पुन्हा पिकते कसे करावे?

(शेती आणि आरोग्य)

प्रभू येशूने सांगितलेला पेरणाऱ्याचा दाखला आपल्या शेतकरी बंधु-भगिनींना तोंडपाठ आहे. वाट, खडक, काटेरी जागा आणि चांगली जमीन असे त्यात जमिनीचे चार प्रकार येतात. प्रवचनात काटेरी जमिनीला आपण वाईट समजतो. पण शेतकऱ्याच्या नजरेने पाहिले तर एक गोष्ट ध्यानात येईल. वाटेवर बी रुजत नाही, खडकावर ते करपते. काटे मात्र जोमाने वाढतात. म्हणजे त्या जमिनीत कस आहे. उणीव आहे ती फक्त तेथे खपणाऱ्या हातांची.

बेळगाव आणि खानापूर तालुक्यांतल्या कोणत्याही ख्रिस्ती वाडीत सहज फेरी मारली तर अशी जागा दिसेल. घराला कुलूप, मुले नोकरीसाठी गोव्याला किंवा पुण्याला, आणि मागच्या परड्यात माणसाच्या छातीएवढे काँग्रेस गवत. शेजारच्याच घरात एखाद्या कुटुंबाकडे कोथिंबीर लावण्यापुरतीही जमीन नसते. हे दोघे एकत्र आले तर एकाच्या दारची सापांची जागा मोडेल आणि दुसऱ्याच्या ताटात भाजी येईल. म्हणून या अंकात आम्ही रान माजलेली एक-दोन गुंठे जागा लागवडीखाली कशी आणावी, हे क्रमवार देत आहोत.

आधी परवानगी, मग कुदळ

जागा आपली नसेल तर मालकाला विचारल्याशिवाय एक काडीही तोडू नये. कर्नाटकात १९७४ साली कूळकायद्यात मोठी दुरुस्ती झाली. तेव्हापासून जमीन दुसऱ्याच्या हाती देण्याची धास्ती मालकांच्या मनात बसली आहे. पुष्कळ जमिनी केवळ या भीतीपोटी पडीक राहिल्या. या भीतीला हसू नये. घरामागचे परडे वर्षभर भाजी लावण्यापुरते घेतले आहे, मालक म्हणेल तेव्हा सोडू, झाडे तोडणार नाही, बांध हलवणार नाही, एवढे साध्या कागदावर लिहून दोन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात. जागा सर्व्हे नंबरातल्या शेतीची असेल तर आधी जाणत्या वकिलाचा सल्ला घ्यावा. मालक दूर असला तरी त्याच्या घरी वर्षातून चार वेळा ताजी भाजी पोचवावी. कागदापेक्षा त्या भाजीने विश्वास अधिक टिकतो.

पहिला दिवस : फक्त पाहणी

पहिल्या दिवशी हत्यार चालवण्याची घाई करू नये. हातात लांब काठी, पायात गुडघ्यापर्यंत येणारे बूट, अंगात पूर्ण बाह्यांचा सदरा, आणि उन्हे वर आल्यानंतरची वेळ. काठीने आपटत कडेकडेने फिरावे. बुजलेली विहीर, शोषखड्डा, काचा, गंजलेली तार, जुने पत्रे कोठे आहेत ते पाहून खुणेची काठी रोवावी. वारूळ, दगडांची रास, कौलांचा ढीग या सापांच्या जागा समजाव्यात. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार विषारी सापांचा आपल्याकडे वावर आहे.

तण कोणते आहे तेही याच वेळी ओळखून घ्यावे, कारण प्रत्येक तणाचा इलाज निराळा आहे.

१) काँग्रेस गवत (गाजर गवत) : पांढऱ्या बारीक फुलांचे. १९५० च्या दशकाच्या मध्यास पुण्यात ते प्रथम लोकांच्या नजरेस आले आणि तेथून देशभर पसरले. एक झाड हजारो बिया टाकते. ते केवळ बियांपासून वाढते. म्हणून फुलापूर्वी उपटले तर संपते.

२) हराळी : जमिनीवर व जमिनीखाली धावणारी. प्रत्येक पेराला नवे झाड फुटते. सावली मात्र तिला सोसत नाही.

३) लव्हाळा : मुळाशी साखळीसारख्या काळ्या गाठी. वरचे पाते कितीही खुरपले तरी गाठ पुन्हा फुटते. गाठ उन्हात वाळली तर मात्र मरते.

४) घाणेरी (टणटणी) : कोयत्याने छाटली तर खोडातून दुप्पट फांद्या काढते. हिचा पाला खाल्ल्याने गुरांना कावीळ होते आणि उन्हात कातडी सोलवटते. तोडलेला पाला वासरांच्या वाटेवर टाकू नये.

५) रानमोडी : घाटालगतच्या गावांत जास्त. जमीन ओली असताना मुळासकट सहज उपटते.

पेटवून का देऊ नये?

काडी लावली की तासाभरात जागा मोकळी, असा आपला जुना समज. आगीने वरचा पालापाचोळा, म्हणजे फुकटचे खत, जळून जाते. लव्हाळ्याच्या गाठी आणि हराळीची मुळे जमिनीखाली सुरक्षित राहतात व राखेच्या खतावर पुन्हा तरारून येतात. मार्च-एप्रिलच्या वाऱ्यात शेजारची गंजी किंवा काजूची बाग पेटली तर मैत्रीही जळते. झुडपात बिब्ब्याचे झाड असेल तर त्याचा धूर अंगावर घेतल्याने तोंड-डोळे सुजतात.

दुसरा सोपा वाटणारा मार्ग तणनाशकाचा. ग्लायफोसेटच्या वापरावर केंद्र सरकारने २०२२ साली निर्बंध घातले आणि फवारणी परवानाधारक कीडनियंत्रकांकडूनच व्हावी असे ठरवले. पॅराक्वाट नावाच्या औषधाला तर उतारा नाही. थोडेसे पोटात गेले तरी जीव जातो. जेथे उद्या मुले मेथी खुडणार, त्या दोन गुंठ्यांसाठी असला डबा घरात आणू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

तोडणीचा क्रम

एक गुंठा म्हणजे ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद जागा. तिचे चार भाग पाडावेत आणि एक भाग पुरा झाल्याशिवाय दुसऱ्याला हात लावू नये. सगळी जागा अर्धवट खणणाऱ्याच्या पदरी पावसाळ्यात पुन्हा रानच येते. ज्या भागांची पाळी नंतर आहे, तेथले गवत कापून जागेवरच अंथरावे आणि त्यावर भाताचे पिंजर किंवा उसाचे पाचट अर्धा फूट जाड पसरावे. खालचे तण उजेडावाचून दमते.

तोडणी घराच्या बाजूने सुरू करून मोकळ्या रानाच्या दिशेने न्यावी, म्हणजे सापाला पळायला वाट राहते. आधी काठी आपटावी, मग विळा घालावा. हात घालण्यापूर्वी पाचोळा दाताळ्याने ओढावा. खाजकुयलीची वेल असेल तर दव असतानाच तोडावी. वाळलेल्या शेंगांची कुसे वाऱ्याने अंगभर उडतात. तोडलेल्या झुडपांचा ढीग घराच्या भिंतीला लावून ठेवू नये.

घाणेरीचे झुडूप वरून कापल्यावर बुंध्याभोवती टिकावाने उकरावे. जमिनीच्या तीन-चार बोटे खाली मुख्य मूळ तोडून खुंट उपटावा आणि मुळे वर करून उन्हात ठेवावा. उलटा ठेवलेला खुंट पुन्हा मूळ धरत नाही.

काँग्रेस गवताला उघडा हात लावू नये. रबरी हातमोजे नसतील तर हाताला जाड पिशवी गुंडाळावी, तोंडाला फडके बांधावे. फूल न आलेले झाड खतात चालते. फूल किंवा बी धरलेली झाडे वेगळी काढून तीन फूट खोल खड्ड्यात पुरावीत. साध्या खड्ड्यातल्या खताच्या उबेने ते बी मरेलच अशी खात्री नसते. या गवताचा पाला खाणारा एक मेक्सिकन भुंगेरा १९८३ साली भारतात आणून १९८४ साली बंगळूर भागात सोडण्यात आला. पावसाळ्यात तुमच्या परड्यातील काँग्रेसवर पिवळट रंगाचे, तपकिरी नागमोडी पट्ट्यांचे बारीक भुंगेरे दिसले तर त्यांना मारू नका. ते आपलेच काम करीत आहेत.

खणणी : वळवाचा उपयोग

मार्चमधली तांबडी जमीन दगडासारखी असते. तिच्याशी झुंजून कंबर मोडून घेण्यापेक्षा पहिल्या वळवाची वाट पाहावी. पाऊस पडून दोन-तीन दिवसांनी वाफसा आला की पहार किंवा कुदळीने एक वीत खणावे आणि ढेकळे पालथी करावीत. ढेकळे लगेच फोडू नयेत. त्यांच्या पोटात अडकलेली हराळीची मुळे व लव्हाळ्याच्या गाठी पुढच्या कडक उन्हात वाळतात. आठ-दहा दिवसांनी ढेकळे फोडून दाताळ्याने मुळे ओढावीत व गाठी हाताने वेचाव्यात. मुले सुट्टीत घरी असतात. बुट्टीभर गाठी वेचणाऱ्याला एक आंबा, असा सौदा करावा.

भाड्याचा रोटाव्हेटर फिरवण्याचा मोह होईल. लव्हाळा-हराळीच्या जागेत तो फिरवू नये. एका मुळाचे तो वीस तुकडे करतो आणि प्रत्येक तुकडा नवे झाड होतो.

दुसरा वळीव पडला की सात-आठ दिवसांत जमीन हिरवीगार होते. हे पाहून निराश होऊ नये, कारण हाच आपला डाव आहे. वरच्या थरातले बी फसून उगवलेले असते. आता खुरप्याने किंवा कोळप्याने बोटभरच खोल खरवडावे. पुन्हा खोल खणले तर खालचे नवे बी वर येते आणि सगळी मेहनत मागे जाते.

मिरची-वांग्याच्या रोपांसाठी तीन फूट रुंद, दहा फूट लांब वाफा निराळा तयार करावा. तो सपाट करून पाणी द्यावे, वर पारदर्शक प्लास्टिकचा पातळ कागद ताणून कडा मातीत दाबाव्यात आणि एप्रिल-मेच्या उन्हात चार ते सहा आठवडे तसाच ठेवावा. कागद काळा नको. पारदर्शकच हवा, तरच ऊन आत शिरून माती तापते. बरेचसे तणबी व रोगाचे जंतू मरतात. लव्हाळ्याच्या गाठी मात्र या उपायाने पुरत्या मरत नाहीत, म्हणून त्या आधी वेचाव्यात.

माती व खत

खत घालण्यापूर्वी मातीचा नमुना घ्यावा. आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्ही आकाराचा वीतभर खड्डा करून त्याच्या एका बाजूची माती वरपासून खालपर्यंत काढावी, सगळी एकत्र कालवावी, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकावेत. अर्धा किलो उरेपर्यंत असे करून सावलीत वाळवलेली माती रयत संपर्क केंद्रात किंवा कृषी विज्ञान केंद्रात द्यावी. जास्त पावसाच्या पट्ट्यातील तांबडी माती बहुधा आंबट असते आणि तिला चुन्याची गरज पडते. पण किती, ते तपासणीच सांगते. शेजाऱ्याने टाकला म्हणून आपण चुना टाकू नये.

गुंठ्याला सुमारे २५० किलो, म्हणजे २५ किलोच्या दहा बुट्ट्या चांगले कुजलेले शेणखत पुरते. कच्च्या शेणखतातून हुमणी आणि तणबी दोन्ही येतात. तोडलेला पाला वाया घालवू नये. यवतमाळ जिल्ह्यातील पुसदच्या नारायण देवराव पांढरीपांडे यांनी जाळीदार विटांच्या टाक्याची जी पद्धत दिली, ती त्यांच्याच नावावरून 'नाडेप' म्हणून प्रसिद्ध आहे. मूळ टाके १० फूट लांब, ६ फूट रुंद व ३ फूट उंच असते. दोन गुंठ्यांना त्याच्या निम्म्याने भागते. पाला, माती आणि शेणकाला यांचे थर देऊन वरून लिंपावे व ओल राखावी. तीन-चार महिन्यांत खत तयार होते.

पहिले पीक कोणते?

पहिल्याच वर्षी सगळ्या जागेत कोथिंबीर-मेथीचे नाजूक वाफे करू नयेत. तण त्यांना गिळते. पहिले पीक असे हवे की जे स्वतःच तणाला झाकील. त्यासाठी आपल्याकडे रताळ्याइतके चांगले दुसरे नाही. बेळगाव भागाच्या तांबड्या मातीत ते पिढ्यान् पिढ्या होत आले आहे. जूनमध्ये पाऊस लागला की दोन फुटांवर सरी-वरंबे करून वीतभर अंतराने वेलाचे वीतभर लांब तुकडे लावावेत. गुंठ्याला सुमारे ८०० तुकडे लागतात. पहिला महिना-दीड महिना दोन खुरपण्या द्याव्या लागतात. पुढे वेल जमीन झाकतो आणि सावलीने हराळी खचते. सुमारे चार महिन्यांनी काढणी होते, आणि काढणीच्या खणणीत राहिलेल्या गाठीही वर येतात. नारिंगी गराची जात मिळाली तर मुलांसाठी तीच लावावी. डोळ्यांना लागणारे अ जीवनसत्त्व तिच्यातून मिळते.

ज्या भागात लागवडीला हात पुरणार नाहीत तेथे गुंठ्याला ६०० ते ७०० ग्रॅम ताग दाट पेरावा आणि फुलावर येताच, साधारण पन्नास दिवसांनी, मातीत गाडावा. कुंपणाकडेला शेवगा, पपई, दोडका व भोपळा. सांडपाण्यावर अळू आणि केळ.

जागतिक आरोग्य संघटना दर माणशी रोज किमान ४०० ग्रॅम फळे-भाज्या सांगते; पाच माणसांच्या घराला दोन किलो. बाजारभावाने ते कितीजणांना झेपेल? परड्यातून मात्र निम्मी गरज तरी भागवता येते. शेवग्याचा पाला, राजगिरा, लाल माठ यांत लोह असते. अंगात रक्त कमी असलेल्या भगिनींनी या भाजीवर लिंबू पिळावे आणि जेवणावर लगेच चहा घेऊ नये. चहाने लोह अंगी लागत नाही.

कामकऱ्याचे आरोग्य

पापण्या, मान, कोपराची वळी येथे खाज सुटून कातडी जाड होत असेल आणि उन्हात त्रास वाढत असेल, तर ते काँग्रेसचे काम असू शकते. कित्येक वर्षे काही न झालेल्या माणसालाही हा त्रास अचानक जडतो. अशाने व दमेकऱ्याने तोडणीपासून दूर राहावे. बी वेचणे, रोपे लावणे ही कामे त्याला द्यावीत.

साप चावला तर जखम कापू नये, चोखू नये, दोरी आवळू नये, मांत्रिकाकडे वेळ दवडू नये. माणसाला धीर देऊन न हलवता आडवे ठेवावे, चावलेला अवयव लाकडी पट्टीने स्थिर करावा, अंगठ्या-बांगड्या काढाव्यात आणि १०८ ला फोन करून प्रतिविष मिळेल अशा दवाखान्यात न्यावे. मण्यारीचा चावा दुखतही नाही, सूजही येत नाही. तरीही तो जीव घेतो. प्रत्येक सर्पदंशाची नोंद सरकारकडे व्हावी असा नियम कर्नाटकाने फेब्रुवारी २०२४ मध्ये केला, यावरून त्याचे गांभीर्य कळते.

झुडपांत काम केल्यानंतर एक-दोन आठवड्यांत कडक ताप आला आणि अंगावर कोठे काळी खपली दिसली, तर डॉक्टरांना झाडी तोडल्याचे आवर्जून सांगावे. बारीक किड्यांच्या चाव्याने येणाऱ्या तापाला वेळीच औषध मिळाले तर तो बरा होतो. घाटाकडच्या जंगलकडेला गोचिडींपासून जपावे. १९५७ साली शिमोगा जिल्ह्यात ओळखला गेलेला माकडताप २०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गात दिसला. घरी येताच कपडे गरम पाण्यात टाकावेत व साबणाने अंघोळ करावी. धनुर्वाताच्या इंजेक्शनला दहा वर्षे उलटली असतील तर काम सुरू करण्यापूर्वीच घ्यावे.

काम सकाळी दहापर्यंत आणि दुपारी चारनंतर. उन्हाने गळून गेल्यास एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवून थोडे थोडे प्यावे. चमचा चहाचा घ्यावा.

एकट्याचे काम नव्हे

१५ मे हा संत इसिदोरचा सण. माद्रिदचा हा शेतमजूर आयुष्यभर दुसऱ्याच्या मालकीच्या जमिनीवर राबला. १२ मार्च १६२२ रोजी ख्रिस्तसभेने आपल्या गोव्यातील संत फ्रान्सिस झेवियर यांना संतपद दिले, त्याच दिवशी आणि त्याच समारंभात या नांगरधाऱ्यालाही दिले. जगभर फिरलेला धर्मप्रचारक आणि मालकाच्या शेताबाहेर फारसा न गेलेला मजूर, दोघांचा मान एक.

म्हणून आमची सूचना अशी की, प्रत्येक वाडीने या सणापूर्वी आपल्यातील रान माजलेल्या परड्यांची एक यादी करावी. ज्यांची मुले परगावी आहेत अशा वृद्धांनी जागा द्यावी, ज्यांना जमीन नाही त्यांनी हात द्यावेत. रविवारच्या मिस्सानंतर चार घरांनी मिळून एका परड्यात दोन तास काम केले तर महिन्यात एक गुंठा उभा राहतो. पुढच्या महिन्यात दुसऱ्याचा. विधवा आणि आजारी माणसांच्या घरांपासून सुरुवात करावी.

फळ न देणाऱ्या अंजिराच्या झाडासाठी माळ्याने मालकाकडे आणखी एक वर्ष मागून घेतले होते. त्याने नुसती वाट पाहू असे म्हटले नाही. भोवती खणीन आणि खत घालीन, असा शब्द दिला. आपल्या परड्यांनाही तेवढे एक वर्ष देऊ या. या वर्षी काढलेले एक काँग्रेसचे झाड म्हणजे पुढच्या वर्षी न उगवणारी हजार झाडे, हा हिशेब ध्यानात ठेवावा आणि पहिल्या वळवाआधी विळ्याला धार लावून घ्यावी.